इंजिन थंड होईपर्यंत

मी एक जुनी बस आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी फार थकले आहे. गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकून उभी असते. पुढची दोन्ही चाकं कुणीतरी काढून नेली, त्यामुळे माझं नाक जमिनीला टेकलंय. बोलायला मात्र अजून कुणी मनाई केलेली नाही, म्हणून बोलते.

माझं काम ऐकायला सोपं वाटेल. आमच्याकडे दोन बंदरं आहेत, एक डोंगराच्या अलीकडे आणि एक पलीकडे. दोन्हीकडे मोठमोठ्या क्रूझ बोटी लागतात. हौशी माणसं सकाळी एका बोटीतून उतरतात आणि त्याच दिवशी पलीकडच्या बंदरातून दुसऱ्या बोटीत चढतात. एका सुट्टीत दोन समुद्र! पण मधला डोंगर काही बोटीला चढता येत नाही. तो मी चढायचे, रोज, जाऊन येऊन.

नवी होते तेव्हा काय रुबाब होता माझा! काचा रोज पुसल्या जायच्या, सीटवर पांढरे अभ्रे असायचे, आणि लोक माझ्यासमोर उभं राहून फोटो काढायचे. माझ्या ड्रायव्हरला सगळे बापू म्हणतात. तो मला ‘राणी’ म्हणायचा. पुढे अभ्रे फाटले, दार हाताने ओढून लावावं लागायला लागलं, आणि राणीची ‘ए म्हातारे’ कधी झाली ते मलाही कळलं नाही. बॅगांचं तर विचारूच नका. चार दिवसांच्या सुट्टीला माणूस एवढं काय काय नेतो, देव जाणे. माझी कंबर त्यातच गेली.

त्यात माझ्या रेडिएटरला बारीक गळती लागली. रोज सकाळी कॅनभर पाणी पाजलं की माझा दिवस निघायचा. ज्या दिवसाचं मला सांगायचंय, त्या दिवशी प्रवाशांनी घाईघाई केली आणि बापू म्हणाला, “परत आल्यावर बघू.” पाण्याचा कॅन बंदरावरच राहिला आणि आम्ही निघालो.

बापूच्या शेजारच्या सीटवर एक पाववाला बसला होता. पाववाला म्हणजे बोटीवरच्या बेकरीत काम करणारा माणूस. हातांवर भट्टीचे डाग, मांडीवर गरम पावांची पिशवी. त्याची बायको दुसऱ्या बोटीवर कपडे धुण्याच्या, इस्त्रीच्या कामाला. आठ महिने दोघांची भेट नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा तिची बोट पलीकडच्या बंदराला लागली होती आणि याची अलीकडच्या. दोघांच्याही बोटी संध्याकाळी सुटणार आणि पुन्हा दोन दिशांना जाणार.

“काल तिला सांगितलं, सुट्टी नाही म्हणून,” तो बापूला म्हणाला. “तिलाही नाही मिळाली. पण आज सकाळी आमच्या मोठ्या आचाऱ्याचं मन विरघळलं. जा म्हणाला, चार तासांत परत ये.”

“मग फोन कर की बाबा!”

“छे! एकदम समोर जाऊन उभा राहतो. चेहरा बघायचाय तिचा.”

बापू हसला. मलाही बरं वाटलं. त्या आनंदात मी पहिली दोन वळणं झोकात चढले.

तिसऱ्या वळणावर माझा श्वास कोंडला. पोटात पाण्याचा थेंब नाही, वर ऊन, मागे बॅगांचा डोंगर. बॉनेटमधून भसकन वाफ निघाली आणि मी रस्त्याच्या कडेला गप्प झाले. बापूने उतरून माझ्या चाकाला लाथ घातली. वाईट वाटलं हो! पाणी त्याने घातलं नाही आणि लाथ मला.

प्रवासी खाली उतरले. टोपीवाल्या एका बाईंनी “आमची बोट चुकली तर कोण जबाबदार?” असा धोशाच लावला. पाववाला मात्र आधी पाणी शोधत रस्त्याने पळाला, रिकाम्या हाताने परत आला आणि दगडावर बसून एकसारखा वरच्या वळणाकडे बघत राहिला. त्याला बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात समोरून धाकटी आली. धाकटी म्हणजे आमच्याच मालकाची दुसरी बस. आम्ही रोज त्या घाटात एकमेकींना ओलांडायचो, हॉर्न द्यायचो आणि पुढे जायचो. पण एक उभी असली की दुसरीने थांबायचं, ही ड्रायव्हर लोकांची रीत. धाकटीचा ड्रायव्हर थांबला आणि त्याने आपल्या प्रवाशांकडून पाण्याच्या बाटल्या मागितल्या. एक बाई दोन्ही हातांत बाटल्या घेऊन भराभरा माझ्याकडे आली. पाववाल्याने पुढे होऊन बाटली घेतली.

मग दोघांनी वर बघितलं.

“अगं! तू इथे कशी?”

“सुट्टी मिळाली आज सकाळी. आणि तू? तू तर नाही म्हणाला होतास!”

“मी तुझ्याकडेच निघालो होतो.”

“आणि मी तुझ्याकडे!” असं म्हणून तिने त्याच्या दंडावर एक जोरात चापट मारली आणि ती रडायलाच लागली. “मी तुझ्या बंदरावर तुला शोधत बसले असते रे, मूर्खा!”

खरंच की. मी धडधाकट असते तर त्या वळणावर हॉर्न देऊन निघून गेले असते.

बापू फडकं घेऊन माझ्या रेडिएटरचं झाकण उघडायला धावला. धाकटीच्या ड्रायव्हरने त्याचा हात धरला. “भाजून घ्यायचंय का? आधी थंड होऊ दे.”

ती दोघं माझ्या पायरीवर बसली. मुलगी आजीकडे असते, तिचा पुढचा दात पडला, हे दोघांनीही एकमेकांना ताजी बातमी म्हणून सांगितलं. तिने पाव मोडून त्याला भरवला. त्याने तिची सुजलेली बोटं आपल्या हातात घेतली आणि विचारलं, “फार दुखतात?” ती म्हणाली, “आत्ता नाही.”

मित्रांनो, आयुष्यभर चढ चढताना मी वाऱ्याची वाट बघितली. त्या दिवशी झुळूक आली आणि मी तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या. बापूने झाकणाला हात लावला, पायरीकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाला, “अजून गरम आहे.” नव्हतं. मी केव्हाच निवले होते. थोड्या वेळाने तो पुन्हा तेच म्हणाला. माझा त्याच्यावरचा सगळा राग गेला.

पण बोटी कुणासाठी थांबतात? शेवटी पाणी घातलं, इंजिन सुरू झालं. पुढे कुठे एकत्र जाण्याइतका वेळ दोघांकडेही उरला नव्हता. म्हणून तो धाकटीत तिच्या जागेवर बसला, आपल्या बोटीकडे परत जायला. ती माझ्यात त्याच्या जागेवर बसली. बंदर येईपर्यंत तिने पावांची पिशवी छातीशी धरली होती.

प्रवासी धावतपळत बोटीत चढले. टोपीवाल्या बाईंनी तक्रार केलीच. मालक म्हणाला, म्हातारी आता पुरे झाली. बापू मान खाली घालून उभा होता. तेव्हापासून मी इथे आहे.

अशा गोष्टीच्या शेवटी काहीतरी शिकवायचं असतं म्हणे. ‘यंत्राला वेळेवर पाणी द्या’ असं सांगणार होते. पण त्या दिवशी पाणी मिळालं असतं तर ती दोघं एकमेकांच्या रिकाम्या बंदरावर उभी राहिली असती. म्हणून एवढंच सांगते. मला विसरलात तरी चालेल. पण ज्याच्याकडे निघालात, त्याला निघताना सांगून निघा. प्रत्येक वळणावर माझ्यासारखी बंद पडलेली म्हातारी उभी नसते.