गल्लीतली पंगत

“काडी लावू नका, बाबू! कापूस हाये!”

अनंतरावांच्या बोटाला चटका बसला, तेव्हा कुठे त्यांनी काडी टाकली. समोर रचलेल्या गोवऱ्या, बाजूला परातीत रोडग्यांसाठी मळलेले कणकेचे गोळे, आणि चार हातांवर कापसानं भरलेली बैलगाडी. गाडीवर घोंगडी पांघरलेला म्हातारा उभा राहून ओरडत होता. त्याच्या मागे दुसरी गाडी, तिच्यामागे तिसरी, अशी गल्लीच्या वळणापर्यंत रांग लागलेली. रात्रीतून आल्या होत्या मेल्या!

प्रजासत्ताकाला पन्नास वर्षं झाली म्हणून सव्वीस जानेवारीला दिग्रसच्या या गल्लीनं रस्त्यावर एकच पंगत मांडायची, ही कल्पना अनंतरावांची. गल्लीच्या तोंडाशी सरकारी कापूस खरेदी केंद्र होतं आणि अनंतराव तिथले बाबू. महिनाअखेरीस ते निवृत्त होऊन लेकीकडे नागपूरला जाणार होते. जन्म या गल्लीत गेला, पण त्यांच्या दारात माणसं आली ती “माझ्या गाडीचं तेवढं पाहा” म्हणायला. नुसतं बसायला कुणी आलं नाही. जाण्याआधी एकदा सगळ्यांना एका रांगेत बसवावं आणि आपल्या हातानं वाढावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

इच्छा साधी होती, गल्ली साधी नव्हती. कुणाला रोडग्यांऐवजी बुंदी हवी होती. कुणी विचारलं, प्रमुख पाहुणे कोण? पाहुणे नाहीत म्हटल्यावर त्या घराचा उत्साहच मावळला. आपल्या शेजारी पानावर कोण बसणार, हे तोंडानं कुणीच विचारलं नाही, पण डोळ्यांनी सगळ्यांनी विचारलं. अनंतराव दारोदार हात जोडून फिरले आणि घरी येऊन बायकोवर, रत्नप्रभाबाईंवर, चिडले. लष्कराच्या भाकरी भाजायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं, असं त्या म्हणाल्या, ते काही खोटं नव्हतं.

आणि आता या गाड्या. सव्वीसला केंद्र बंद, म्हणजे गल्ली मोकळी, असा अनंतरावांचा सरकारी हिशेब. सुट्टीला केंद्र घरी जातं, रांग जात नाही, हे सगळी नोकरी फाटकाच्या आत बसून काढलेल्या माणसाला सुचलं नव्हतं.

“गाड्या बाजाराच्या मैदानात न्या,” ते म्हाताऱ्याला म्हणाले. “एका दुपारचा प्रश्न आहे.”

“अन् नंबर?”

“नंबर कुठं जात नाही. उद्या मी आत आहे ना. माझा शब्द.”

म्हातारा हसला. नागोराव त्याचं नाव, मारेगावकडून दिग्रसला लेकीच्या गावी येऊन राहिलेला. “तुमचा शब्द लय ऐकला, बाबू. मांगच्या साली तुमीच म्हनलं होतं, चहा पिऊन या, गाडी कोठी जात नाही. चहा पिऊन आलो तं माह्या पुढं तीन ट्रॅक्टर.”

मागच्या गाड्यांवरूनही हसू आलं. अनंतरावांचे कान तापले. ते ट्रॅक्टर त्यांनी आणले नव्हते; पण हटवलेही नव्हते.

गॅरेजवाला जलाल पुढे झाला. “बाबूजी, माह्या गॅरेजच्या मांगं आंगन हाये. चारी बाजूनं भिंती हायेत. तिथं भाजा रोडगे, तिथंच बसू. माही घरवाली शमसुन्निसा झाडून राह्यली.”

“तिथं डिझेलचा वास येते नं, बापा,” विमलताई पदर नाकाला लावत म्हणाल्या. रोडगे त्यांनीच मळले होते.

“मग घरी जा!” अनंतराव ओरडले. “सगळेच आपापल्या घरी जा! दारं लावून खा! मलाच काय पडलंय?”

विमलताईंनी मुकाट्यानं परात उचलली आणि त्या गॅरेजकडे निघाल्या. त्यांच्यामागे वरणाचं पातेलं गेलं, वांगी गेली, आणि हो-ना करत गल्लीही गेली.

दुपारी रोडगे राखेतून निघाले. पत्रावळी मांडल्या. विमलताई भिंतीवरून गाड्यांकडे डोकावल्या आणि अडून बसल्या. “दारात मानसं उपाशी बसले अन् आपन तूप वाढून घ्याचं? मले नाही गिळवनार.”

अनंतराव बोलवायला गेले. गाडीवरून एकही माणूस उतरेना. मागचे सगळे नागोरावांकडे पाहत होते. त्यांची गाडी सर्वांत पुढे, गल्लीच्या तोंडाशी. घुसणारा तिथूनच घुसणार.

“भूक तं लागली, बाबू,” नागोराव म्हणाले. “पन उतरू कसा? असं करा. तुमी बसा गाडीवर. शब्द नोका देऊ, खुद बसा.”

अनंतरावांनी गॅरेजकडे पाहिलं. तूप वाढायची वाटी अजून त्यांच्या हातातच होती. एक शिवी त्यांच्या ओठांपर्यंत आली. ती गिळून त्यांनी वाटी नागोरावांना दिली, धोतर सावरलं आणि चाकावर पाय देऊन ते वर चढले.

मग मात्र सगळ्या गाड्या रिकाम्या झाल्या. भिंतीपलीकडून पानांची सळसळ ऐकू आली, कुणी वरण मागितलं, विमलताई कुणाला तरी आग्रह करू लागल्या. जलालच्या शेजारी कोण बसलं, नागोरावांना कोणी वाढलं, काहीच दिसत नव्हतं. रत्नप्रभाबाई गॅरेजच्या दारातून हाक मारून गेल्या, “अहो, पंगत बसली, येताय ना?” अनंतरावांनी नुसता हात हलवला. त्यांना रडू येईल की काय असं वाटत होतं आणि त्याचाही राग येत होता.

तेवढ्यात मोठ्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर आला आणि त्याचं तोंड गाडीच्या पुढे घुसू लागलं.

“मागं घे,” अनंतराव म्हणाले.

“काहून? कोनीच तं नाही इथं.”

“माणूस जेवायला गेला आहे. मागं घे.”

“अहो बाबू, आज सुट्टी हाये. फाटकाले कुलूप हाये. आज कोनाचाच नंबर लागत नाही.”

“ते मला माहीत आहे,” अनंतराव म्हणाले आणि कापसावर आणखी नीट मांडी घालून बसले.