उजव्या खांद्याचे कागद

शिवणकाम करणाऱ्या आईने दारामागे हात घातला, तो रिकामाच बाहेर आला. थोरल्या लेकीच्या मापाचे कागदी साचे तिथे गुंडाळून उभे असायचे. पाठ, पुढा, बाह्या, कॉलर.

"अहो, इथली गुंडाळी कुठंय?"

"चिंध्यांच्या पोत्यात घातली," नवरा म्हणाला. "तूच म्हणालीस ना, टाकाऊ सगळं सकाळी पोचवून या."

"ते टाकाऊ दिसलं तुम्हाला?"

"तपकिरी कागद होता गं. मला काय स्वप्न पडलं?"

पोतं गेलं होतं गल्लीच्या टोकाला, बंद पडलेल्या छापखान्याच्या खोलीत. आसपासच्या घरांनी, दुकानांनी टाकलेलं तिथे येई. पुठ्ठ्याच्या नळ्या, बाटल्यांची झाकणं, कापडाची कात्रणं. चित्रकलेच्या बाई पोरांना त्यातून हत्तीघोडे करायला शिकवत. आज दुपारी वर्ग होता.

थोरलीचा उजवा खांदा डाव्याहून उतरता. विकतचा कोट तिच्या अंगावर रुसून बसायचा. गेल्या वर्षी आईने तिला आरशापुढे उभी केली. टाचलं, उसवलं, पुन्हा टाचलं, असं करत करत ते साचे बेतले. शेवटी पोर हळूच म्हणाली, "आई, आता पुरे. पुन्हा मला मोजू नकोस." सोमवारी ती वाचनालयात नोकरीला लागायची होती. कोटाचं कापड घरात येऊन पडलं होतं. साचे गेले, तर तिला पुन्हा आरशापुढे बोलवायचं कोणत्या तोंडाने?

आई निघाली. मागोमाग नवरा.

"मी बोलतो बाईंशी."

"तुम्ही काही बोलू नका. नुसते चाला."

वाटभर तिच्या डोळ्यांपुढे कात्र्या चालत होत्या. पाठीचा झाला ससा, बाहीचा झाला मासा, कॉलरची झाली चांदणी, चांदणीला नाही घर.

खोलीत पाऊल टाकलं आणि ती थबकली. समोरच्या भिंतीवर एक भलामोठा पक्षी. पाठीचं अंग, बाह्यांचे पंख, कॉलरची चोच. सगळे कागद अखंड, नुसते टाचणीने टोचलेले.

"कापले नाहीत?" तिने विचारलं.

"पहिल्या दिवशी कात्र्या कपाटात असतात," बाई म्हणाल्या. "तुकडा भिंतीवर लावायचा, फिरवून बघायचा, हा कोण ते ओळखायचं. कापाकापी उद्या."

आई पोरांच्या बुटक्या स्टुलावर मटकन बसली. हसू आलं, त्याच्या मागोमाग डोळे भरून आले. पोरांना वाटलं, पक्षी फारच आवडला.

"एका बाजूला कलंडलाय की," नवरा पुटपुटला.

"वळतोय तो," एक चिमुरडी म्हणाली. "सरळ गेला तर खिडकीवर आपटेल ना, काका."

साचे परत न्यायचे म्हटल्यावर चिमुरडीचा चेहरा उतरला. मग आईने रद्दीतले मोठे कागद मागून घेतले, साचे एकेक करून त्यांवर ठेवले आणि पेन्सिल फिरवली. नवरा कोपरे दाबून ओणवा. "हलू नका हो. पंख वाकडा येईल." कात्र्या एक दिवस आधीच कपाटाबाहेर आल्या. पोरांचा पक्षी पुन्हा भिंतीवर चढला, गुंडाळी आईच्या काखेत आली.

घरी थोरलीने विचारलं, "दोघं कुठं गेला होतात?"

"पाय मोकळे करायला."

आईने टेबलावर कापड पसरलं, त्यावर पाठीचा कागद ठेवला. टाचणीच्या भोकांवरून अंगठा फिरवला आणि खडू उचलला. थोरली खुर्चीत बसून केस विंचरत होती. तिला कुणी उभं राहायला सांगितलं नाही.