चिकटलेली पानं

"ओढू नकोस, फाटेल," नवरा कॉटवरून म्हणाला.

माझ्या हातात शाळेचं जुनं रजिस्टर होतं. छत गळून भिजलेलं, पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. नवरा पुस्तकं बांधायचा, मी त्यांना शिवण घालायचे. चिकटलेल्या पानांबाबत त्याचा एकच कायदा होता: हात लावायचा नाही, सावलीत ठेवायचं, वाट पाहायची. जरा वाळली की पानं आपणहून सुटतात. त्याच्या या धीराचं मला कौतुक होतं, खोटं कशाला बोलू?

पण कालपासून तो गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. पाणीसुद्धा उलटत होतं, पोट टणक फुगलेलं. सहा वर्षांपूर्वी अपेंडिक्स फुटून त्याचं पोट उघडावं लागलं होतं. दोन वर्षांपूर्वी अशाच कळा आल्या, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. वरची जखम भरलेली दिसते, पण आत भरताना चिवट पांढरे धागे तयार होतात. आतडी त्यांनी एकमेकांना चिकटतात, मुडपतात आणि वाट बंद होते. ऑपरेशन केलं तर पुन्हा नवे धागे होऊ शकतात, म्हणून त्यांनी आधी थांबून पाहिलं. दोन दिवसांत सुटलं. निघताना बजावलं, पुन्हा दुखलं तर त्याच दिवशी या. नवऱ्याने त्यातलं सोयीचं तेवढं लक्षात ठेवलं.

"अहो, चला ना दवाखान्यात."

"मागच्या वेळीही थांबलोच होतो."

"तेव्हा नाकात नळी होती, सलाईन होतं. इथे काय आहे?"

"कापलं की आणखी चिकटतं. तूही ऐकलंस ना?"

ऐकलं होतं. मी विनवण्या केल्या, भांडले, शेवटी अबोला धरला. पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळा थांबल्या. "सुटलं बघ," तो म्हणाला. मी वेडी, आनंदाने रडले. दुपारी त्याचे हात गार पडले, कपाळावर घाम डवरला. मग मी त्याला विचारलं नाही. शेजाऱ्यांना हाक मारून गाडीत घातलं.

डॉक्टरीणबाई ऑपरेशनमधून अर्ध्या तासात बाहेर आल्या. इतक्या लवकर कोणी बाहेर येत नाही, एवढं मला कळत होतं.

"एका धाग्याचा फास बसला होता. जवळजवळ सगळं आतडं काळं पडलंय. पोट तसंच बंद केलं. तुम्ही त्यांच्याजवळ बसा."

"काल आणलं असतं तर?"

"काल तो धागा कापता आला असता."

मी त्याला आदल्याच दिवशी उचलून का नेलं नाही? आयुष्यभर त्याच्या कायद्याने वागले, त्या एका दिवशी तरी मोडायचा होता.

अंधार पडायच्या आत तो गेला.

आठवड्याने शाळेचा शिपाई रजिस्टर मागायला आला. मी ते फळीवरून काढलं. पानं सगळी आपणहून सुटली होती, एकही फाटलं नव्हतं. शिपायाला बसायला सांगितलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला.