दिवसा सांगितलेली गोष्ट

इस्पितळातून फोन आला तेव्हा झेलीतांती, गावाची झेलीमावशी, ब्रेडफ्रूट भाजत होती. खाट रिकामी झालीय, संध्याकाळी दाखल व्हा, उद्या घशाचं ऑपरेशन. त्यानंतर आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. इस्पितळ कास्त्री शहरात, तिकडची बस दुपारी सुटते. रात्री वॉर्डात कुणी बोलू देत नाही, म्हणजे तिची गोष्ट रेकॉर्ड करायला हातात फक्त सकाळ उरली, आणि आमच्याकडे दिवसा गोष्ट सांगत नाहीत.

सांगितली तर सांगणाऱ्याची आई मरते. हसायचं असेल तर खुशाल हसा. मी शहरात शिकले, गावाचा डिजिटल संग्रह मीच चालवते, चर्चमागच्या खोलीतल्या माझ्या कॉम्प्युटरात गावाची लग्नं, होड्या, गाणी सगळं आहे. तरी माझी आई होती तोवर सूर्य बुडायच्या आधी मी गोष्टीचा ‘ग’ काढला नाही.

आमच्या आन्स कोको गावाची गोष्ट घंटेची. मळ्यावरच्या गुलामांना पहाटे उठवणारी मालकाची घंटा बायकांनी ढकलत नेऊन समुद्रात बुडवली. गोष्टीत त्या प्रत्येकीचं नाव येतं, आणि गावातलं प्रत्येक घर त्यांच्यापैकी कुणाचं तरी आहे. शाळेच्या पुस्तकात यातलं एक अक्षर नाही. सगळी नावं फक्त झेलीतांतीला येत, आणि तिला लिहिता येत नव्हतं. मयताच्या जागरणाला ती सांगायची, पण तिथे रम आणि डॉमिनोंच्या दंग्यात रेकॉर्डिंग कधी धड झालंच नाही. एखादी निवांत रात्र बघू, असं आमचं चाललं होतं.

आणि तिची आई, नव्वदी ओलांडलेली मा ओदिल, जिवंत होती. ओट्यावर बसून कोकोचा चहा पीत होती.

मी तांतीला माझ्या खोलीत आणलं. खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या, दिवा मालवला.

“घे, झाली रात्र.”

बाहेर कोंबडा आरवला.

“त्याला कळवलंस का?” तांती म्हणाली.

“तांती, थट्टा पुरे. उद्या तुझा आवाज जाणार.”

“जाऊ दे. पण हाक मारायला आईच उरली नाही, तर आवाज घेऊन काय करू?”

माझं टाळकं सरकलं. “तुझ्या हट्टापायी अख्खं गाव बिननावाचं राहील!” मी ओरडले. ती रडायला लागली, मग मीही. नावं जाणार होती आणि मला काही करता येत नव्हतं.

तेवढ्यात काठी टेकत मा ओदिल दारात आली. “अंधार कशाला केलाय? कोण गेलं?”

“कुणी नाही गं, मा,” मी म्हणाले.

“मग उघडा खिडक्या. उकडतंय.”

मी तिच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं.

“झेली, माझी आई कधी गेली?”

“वादळाच्या साली. मी लहान होते.”

“मग मला कसली भीती? ती आता परत काय मरणार?”

ही म्हातारी मला रोज माझ्या आईच्या नावानं हाक मारते; हिला ती नावं कुठली आठवायला?

“आई, तुला नावं आठवतात?” तांतीनं विचारलं.

“तुला कुणी शिकवली? पाद्र्यानं?”

मी रेकॉर्डिंग चालू केलं. “क्रिक!” मा ओदिल म्हणाली. ऐकणाऱ्यांनी ‘क्राक’ म्हटल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. आम्ही दोघी गप्पच.

“मेलात काय?”

“क्राक!” तांतीनं फाटक्या घशातून उत्तर दिलं.

आणि म्हातारी सुटली. दोर बांधले, घंटेच्या जिभेला गवत गुंडाळलं, एकेक बाई नावानिशी पुढे आली. माझ्या घरची रोझमीन आली तेव्हा अंगावर काटा आला. मग म्हातारी अडकली. ओठ हलत होते, नाव येत नव्हतं. तांतीला ते ठाऊक होतं, पण दिवसा एक नाव सांगणं म्हणजेही गोष्ट सांगणंच. तिनं डोक्यावरच्या रुमालाचा बोळा तोंडाशी धरला. उत्तर द्यायला मात्र कुणाची मनाई नव्हती. तिनं बोळा काढला.

“क्राक!” ती ओरडली. “क्राक, आई! क्राक!”

“कळलं गं, येतेय ना,” मा ओदिल म्हणाली. “फेलिसीत. डावखुरी फेलिसीत.”

घंटा बुडाली तेव्हा बस सुटायला थोडाच वेळ उरला होता. तांतीनं आईला हाक मारली, पुन्हा मारली, उगाचच.

ऑपरेशन नीट झालं. मी रेकॉर्डिंगची एक प्रत शहरातल्या संग्रहालयाला पाठवली. तिथल्या साहेबांचा फोन आला, “उत्तम आहे, फक्त मधे मधे एक घोगरा आवाज येतो. तो काढून टाकू.”

“हात तर लावून बघा,” मी म्हणाले.

पुढच्या शनिवारी सूर्य बुडाल्यावर चर्चच्या अंगणात मी ते रेकॉर्डिंग गावाला ऐकवलं. झेलीतांती गळ्याला रुमाल बांधून आईशेजारी बसली होती. आमचं गाव ‘क्राक’ म्हणताना कधी मागे राहत नाही. त्या दिवशी स्पीकरमधून “क्रिक!” आलं आणि कुणी काही न ठरवता सगळे थांबले. मा ओदिलसुद्धा.

उत्तर झेलीतांतीनं दिलं, स्पीकरमधून.