दांडा दाराला, भिंतीला नाही

लानझीने सकाळी पाऱ्या लाटायला घेतल्या आणि दुपार कलली तरी ती पाऱ्याच लाटत होती. एरवी तिच्या हाताला वेग होता. आज मात्र सारण भरलेल्या एकेका च्याओझला ती अशी मुरड घालत होती, की तो उकळून खायचा नसून कुणाच्या रुखवतात मांडायचा आहे असं वाटावं.

कारण साधं होतं. वर्षाची ही शेवटची रात्र तिला माहेरच्या घरात काढायची होती.

शरदात नवऱ्याने काडीमोड दिल्यापासून ती इथेच होती आणि कुणाची काही तक्रार नव्हती, कारण डुकरांचं सगळं तीच बघत होती. पण सासरी गेलेल्या लेकीने माहेरचा आजच्या रात्रीचा दिवा पाहिला तर भावाचं घर बुडतं, हे शानतुंगमधल्या या गावात शेंबडं पोरही सांगेल. काडीमोड झालेल्या लेकीचं काय, याबद्दल नियम गप्प होता. नियम झाला तेव्हा अशा लेकी विहीर जवळ करत, त्यामुळे प्रश्न उद्भवत नसे. आईने आपल्या परीने सोय केली होती. शेतातली पंपाची खोली झाडून ठेवली होती.

लानझीचा बेत वेगळा होता. भाऊ दुपारी कबरींवरून पितरांना घेऊन येई आणि उंबऱ्यावर आडवा दांडा ठेवी. दांडा पडला की आतलं कुणी बाहेर जात नाही, बाहेरचं कुणी आत येत नाही. पितर बिचकतात. तेवढा वेळ पाऱ्या लाटत काढला की झालं.

"आटपलं का गं?" आईने पुन्हा विचारलं.

"एवढं सारण संपवते."

"सारण संपवतेस की दिवस?"

"राहू द्या ना वन्सं, मी भरते," भावजय वेनछिन म्हणाली.

"तुझे पाण्यात पडले की तोंड उघडतात."

हे खरं होतं, म्हणून वेनछिनला ते जास्त लागलं.

तेवढ्यात भाऊ, बाओलिन, उदबत्त्या घेऊन अंगणात आला. "या बाबा. आजोबा, पायरी जपा." हयातीत बाबांना या घरात इतक्या अदबीने कुणी बोलावलं नव्हतं. त्याने दांडा ठेवला, टेबलाच्या वरच्या बाजूला बाबांचा वाडगा मांडला, शेजारी जेवायच्या काड्या ठेवल्या आणि मग त्याला बहीण दिसली.

"ताई, तू अजून इथेच?"

"अरे, दांडा पडला ना," लानझी होता होईल तेवढ्या भाबडेपणाने म्हणाली. "आता कशी जाऊ?"

आईने वाडग्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. जवळ येऊन आपल्या बाहीने तिच्या कपाळावरचं पीठ पुसलं. लानझीला वाटलं, जमलं.

"बाओलिन," आई म्हणाली, "शिडी आण. दांडा दाराला आहे, भिंतीला नाही."

मागच्या भिंतीला शिडी लागली. बाओलिनने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. बहिणीवर त्याची माया होती. "जपून गं ताई, वर एक खिळा आलाय."

लानझी भिंतीवर बसली. खाली गोठलेला ओढा होता, दगडासारखा.

"पलीकडे शिडी नाही," ती म्हणाली.

"आपल्याकडे एकच आहे."

"मग उतरू कशी?"

"वन्सं, उतरायला कुणाला शिडी लागते?" वेनछिन म्हणाली.

"लवकर कर बाई," आई म्हणाली, "दिवा लावायचाय. आणि मागे वळून बघू नकोस."

तिने उडी मारली. आवाज भिंतीच्या दोन्ही बाजूंना ऐकू आला.

"आई, पाय मोडला वाटतं."



"सणासुदीला मोडलं-तुटलं बोलू नये," आईने भिंतीआडून समजावलं. "परवा ये. परवा लेकींनी यायचा दिवस. काय झालं ते तेव्हा सांग. आणि रिकाम्या हाताने नको येऊस, वेनछिन काय म्हणेल?"

शिडी ओढत नेल्याचा आवाज आला. पंपाची खोली दोन शेतं पलीकडे होती. लानझीने उठून पाहिलं आणि परत बसली. भिंतीवरून लसणीचा आणि आंबट सिरक्याचा वास येऊ लागला.

"वन्सं, आहात ना अजून?" वेनछिनचा आवाज आला. "उकळी आली की गार पाणी कितीदा घालू? तुमच्या पाऱ्या जाड आहेत."

एकदाच घाल, असं लानझीच्या अगदी ओठांवर आलं होतं. आतून कच्चे राहिले असते. पण जेवायला बाबाही होते.

"तीनदा," ती म्हणाली. "आणि झाकण ठेवू नकोस."