मालाकी हरवला तो शनिवार

मालाकीला फ्रान्समधल्या ब्रिटनीतल्या संगीत महोत्सवाला न्यायचं हे नोरीनच्या डोक्यातून निघालं. फिन्टनला ते पहिल्यापासून पटत नव्हतं, पण नोरीनपुढे बोलायची त्याची कधीच छाती झाली नव्हती.

"इमेल्डाला तीन-चार दिवस धड झोप तरी मिळेल," नोरीन म्हणाली. "आणि वाद्यं वाजायला लागली की तो कसा खुलतो, तू पाहिलंयस ना?"

पाहिलं होतं. तिघंही आयर्लंडमधल्या डन्गार्वनचे, एका शाळेतले. विशीपासून दर शनिवारी ते एकाच पबच्या एकाच कोपऱ्यात बसून वाजवत आले होते. मालाकी व्हायोलिन, नोरीन बासरी आणि फिन्टन डफ. मालाकी इलेक्ट्रिशियन होता. गावातल्या अर्ध्या घरांच्या भिंतीत त्याच्या हातच्या तारा होत्या. मग एक दिवस तो ओळखीच्याच घरी, उघड्या बोर्डासमोर, पक्कड हातात धरून नुसता उभा राहिला. घरमालकिणीने त्याच्या बायकोला, इमेल्डाला, फोन केला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा मालाकी पंचावन्न वर्षांचा होता. तेव्हापासून दिवसेंदिवस त्याची आठवण विरत चालली होती. व्हायोलिन मात्र हातात दिलं की बोटं आपोआप चालत.

निघताना इमेल्डा कॉर्कच्या बंदरात, बोटीच्या धक्क्यावर आली होती. मालाकीच्या जाकिटाची चेन वरपर्यंत लावत ती फिन्टनला म्हणाली, "एकटं सोडू नकोस. आणि काही उलटसुलट बोलला तर वाद घालू नकोस. वाद घातला की तो घाबरतो."

"मी त्याला शाळेपासून ओळखतो, इमेल्डा."

"मी त्याच्याशी लग्न केलंय," ती म्हणाली. "तरी सांगते."

शुक्रवार झकास गेला. मोठ्या कुरणाच्या एका टोकाला तंबू, दुसऱ्या टोकाला दोन मंच, मधे खाण्यापिण्याच्या टपऱ्या. फिन्टनने तंबू उलटा उभारला, दार कुंपणाकडे आलं, त्यावरून नोरीनने त्याला यथेच्छ धुतला. "दुधाचा टँकर चालवतोस ना रे? तो तरी सरळ उभा करतोस का?" मालाकी पोट धरून हसला. संध्याकाळी तिथल्या ब्रेटन सनईवाल्यांनी फेर धरायला लावला तेव्हा तो अनोळखी बायांच्या करंगळीत करंगळी अडकवून नाचला, सफरचंदाची सायडर प्यायला, काळ्या पिठाची घावनं चापली. घावनवाल्या बाईशी तो चक्क फ्रेंचमध्ये बोलला. विशीच्या आत असताना त्याने एक उन्हाळा या भागात शेतमजुरी केली होती, हे फिन्टनला ऐकून माहीत होतं. भाषा अजून शिल्लक असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

"बघ," नोरीन फिन्टनच्या कानात म्हणाली. "आणलं ते बरं केलं की नाही?"

शनिवारी सकाळी नोरीन अंघोळीच्या रांगेत गेली आणि फिन्टन मालाकीला घेऊन संडासाकडे. प्लास्टिकच्या निळ्या खोक्यांची लांबलचक ओळ होती. मालाकी एका खोक्यात शिरला. फिन्टन दारासमोर पहाऱ्याला उभा राहिला. मागून कोणीतरी हाक मारली, "अहो, तुमच्या बुटाची नाडी सुटलीय." तो वाकला, चिखलाने भरलेली नाडी बांधली, उठून पुन्हा उभा राहिला. बराच वेळ गेला. शेवटी त्याने दारावर टकटक केली. "मालाकी, झोपलास का रे आत?"

दार उघडलं आणि लाल दाढीचा एक पोरगा वैतागून बाहेर आला.

फिन्टनने सगळी खोकी ठोठावली. लोकांनी शिव्या घातल्या. मग तो तंबूकडे पळाला, तंबूकडून टपऱ्यांकडे, तिथून पुन्हा संडासाकडे. मालाकीचा फोन तंबूत उशीखाली होता. नोरीन ओल्या केसांनी आली आणि फिन्टनचं तोंड बघताच तिला काय ते समजलं.

"एक काम," ती म्हणाली. "एकच काम होतं तुला."

"नाडी बांधत होतो गं."

"गप्प बस आणि चल."

चौकशीच्या मांडवात पिवळ्या जाकिटातला एक हसतमुख मुलगा बसला होता. माणूस हरवलाय म्हटल्यावर त्याने लगेच विचारलं, "वय किती?"

"सत्तावन्न."

मुलाने मान वर केली. "लहान मूल नाही?"

"त्याला आजार आहे. विसरतो तो."

"इथे शनिवारी सगळेच विसरतात," मुलगा म्हणाला. मग नोरीनचा चेहरा पाहून ओशाळला आणि वॉकीटॉकीवर काहीतरी बोलला. "हिरवं जाकीट, पांढरे केस. सांगितलं सगळ्यांना." फिन्टनने दाराबाहेर नजर टाकली. हिरवी जाकिटं आणि पांढरे केस समोरून अखंड चालले होते.

दोघांनी वाटून घेतलं. नोरीन मंचांकडे गेली, फिन्टन तंबूंमध्ये. एकाच दुकानातून घेतल्यासारखे हिरवे-करडे तंबू, पायात येणाऱ्या दोऱ्या, आत झोपलेली पोरं. तो प्रत्येक दारात वाकून बघत होता आणि लोक त्याच्याकडे चोराकडे बघावं तसं बघत होते. कुंपणापलीकडे रस्ता आहे, रस्त्यापलीकडे समुद्र, हे त्याला सारखं आठवत होतं. इमेल्डाला फोन करावा म्हणून त्याने खिशातून काढला आणि पुन्हा ठेवला. काय सांगणार होता?

दुपार कलल्यावर त्याला मालाकीचं हसू ऐकू आलं. ते हसू हजारांत ओळखलं असतं त्याने.

एका निळ्या ताडपत्रीखाली सात-आठ पोरं-पोरी गोल करून बसली होती. मधे आर्टिचोकचा, जाड पाकळ्यांच्या हिरव्या फळभाजीचा, ढीग होता, आणि मालाकी मांडीवर पाट घेऊन ते सोलत होता. देठ मोडायचं, बाहेरची जाड पाकळी ओढायची, सुरीने टोक उडवायचं. त्याची बोटं झपाझप चालली होती आणि तोंडाने फ्रेंच वाहत होतं. पोरं हसत होती.

"मालाकी!" फिन्टन धावतच गेला. "अरे गाढवा, जीव घेतलास माझा!" त्याने त्याचं मनगट धरलं.

मालाकीने वर पाहिलं. रस्त्यात कोणी वाट विचारली तर माणूस बघतो तसं, सौजन्याने. मग त्याने मनगट ओढून घ्यायला सुरुवात केली. फिन्टनने सोडलं नाही. मालाकी शेजारच्या मुलीला घाईघाईने काहीतरी म्हणाला.

मुलगी उठली. विशीतली असेल, नाकात बारीक कडी. तिला इंग्रजी येत होतं. "हात सोडा त्यांचा."

"अगं, माझा मित्र आहे तो."

"ते म्हणतात, मी या माणसाला ओळखत नाही."

फिन्टनने हात सोडला आणि हसला. "नाटकं पुरे, मालाकी. नोरीन तिकडे रडतेय."

"यांचं नाव मालो आहे," मुलगी म्हणाली. तिचं स्वतःचं नाव एनोरा, हे नंतर कळलं. "ते शेतावर कामाला आलेत, तिथे सगळे त्यांना मालोच म्हणतात. तुम्ही त्यांना जबरदस्तीने घरी न्यायला आलात, असं म्हणतात."

"कुठलं शेत? गेली चाळीस वर्षं तो शेतावर गेलेला नाही! आजारी आहे तो. डोक्याचा आजार."

एनोराने मालाकीकडे पाहिलं. तो शांतपणे पुढचा आर्टिचोक सोलत होता. पाठ मात्र त्याने फिन्टनकडे वळवली होती. "आमच्याशी सकाळपासून छान बोलतायत," ती म्हणाली. "घाबरले ते तुम्ही आल्यावर."

मालाकी पुन्हा काहीतरी बोलला, लांबलचक, आणि दोन-तीन पोरांनी फिन्टनकडे रागाने पाहिलं. आपल्या सगळ्यात जुन्या मित्राने आपल्याबद्दल काय सांगितलं हे फिन्टनला कळायला मार्गच नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला शाळेतल्या फ्रेंचच्या तासाला झोपा काढल्याचा पश्चात्ताप झाला.

त्याने फोनमधला फोटो काढला. पबचा कोपरा, तिघं आणि वाद्यं. एनोराने फोटो नीट पाहिला, तिचा आवाज मऊ झाला. तिने तो मालाकीसमोर धरून विचारलं. मालाकीने हात पुसले, फोन घेतला, कौतुकाने बघितला. मग स्वतःच्याच चेहऱ्यावर बोट ठेवून त्याने एक प्रश्न विचारला.

"काय म्हणतो?" फिन्टनने विचारलं.

एनोराने फोन हळूच परत घेतला. "हे व्हायोलिनवाले आजोबा कोण, म्हणतात."

फिन्टन गवतावर खाली बसला.

फिन्टनने फोन केल्यावर नोरीन आली ती पिवळ्या जाकिटातल्या एका थोराड माणसाला आणि मालाकीचा पासपोर्ट घेऊनच. त्या माणसाने पासपोर्ट पाहिला, मालाकीकडे पाहिलं, मान डोलावली. "नाव पटलं," तो म्हणाला. "पण माणूस मोठा आहे. नको म्हणतोय. उचलून तर मी देऊ शकत नाही. डॉक्टर पाठवू?"

"सुई टोचायला?" नोरीन म्हणाली. "नको."

तिने फिन्टनसारखी हाक मारली नाही की नाव घेतलं नाही. ती ताडपत्रीखाली गेली, मालाकीच्या बाजूला बसली, एक आर्टिचोक उचलला आणि चुकीचा सोलायला लागली. मालाकीने तो तिच्या हातून काढून घेतला, कसा धरायचा ते दाखवलं. तो फ्रेंचमध्ये समजावत होता, ती "हो हो" म्हणत होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हात चालू होते.

फिन्टन उठून एक पाऊल पुढे सरकला. मालाकीचा सुरी धरलेला हात थांबला. फिन्टन मागे झाला.

शेवटी त्याने इमेल्डाला फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. तो अडखळत सगळं बोलला. ती म्हणाली, "दे त्याला." एनोराने फोन नेऊन मालाकीच्या कानाला लावला. इमेल्डाचा आवाज फिन्टनपर्यंत येत होता, शब्द कळत नव्हते. मालाकी लक्ष देऊन ऐकत राहिला. मग त्याने फोन जपून परत केला आणि एनोराला हळू आवाजात काही म्हणाला.

तिने फोन फिन्टनकडे आणून दिला. "म्हणाले, बाई रडतायत. त्यांच्याजवळ कोणीतरी जायला हवं."

फिन्टनने फोन कानाला लावला. "इमेल्डा, मी काय करू? सांग ना, काय करू मी?"

"काही खाल्लंय का त्याने?"

"खाल्लंय वाटतं. पोरांनी दिलंय."

"जाकीट आहे अंगात?"

"आहे."

"मग बसू दे तिथे," ती म्हणाली. "आणि तू दिसणार नाहीस असा बस."

म्हणून फिन्टन समोरच्या तंबूच्या आडोशाला बसला. मंचावर एकामागून एक बँड आले, टाळ्या पडल्या, ढग आले आणि गेले. पोरांनी आर्टिचोक उकडून लोण्याबरोबर खाल्ले. एनोरा एक ताटली घेऊन आली. "तुमच्यासाठी. ते फार गोड माणूस आहेत," ती म्हणाली. "माहीत आहे मला," फिन्टन म्हणाला. त्याने ताटली गवतावर ठेवून दिली. कोणीतरी मालाकीच्या हातात व्हायोलिन दिलं आणि तो वाजवायला लागला, त्यांचीच शनिवारची चाल. फिन्टनची बोटं गुडघ्यावर चालायला लागली. त्याने ती दुसऱ्या हाताने दाबून धरली, मालाकीला ऐकू जाईल म्हणून.

ऊन उतरल्यावर मालाकी दमला. त्याला घरी जायचं होतं, पण घर कुठलं ते त्याला सांगता येईना. एनोरा आणि नोरीन दोन बाजूंनी त्याला तंबूकडे घेऊन चालल्या. फिन्टन त्यांच्या मागे, गर्दीत राहून, चोरासारखा चालत गेला. त्या रात्री तो गाडीत झोपला.

परतीच्या वाटेवर मालाकी मागे नोरीनजवळ बसला. कुठल्याशा वळणावर तो पुन्हा इंग्रजी बोलायला लागला. नोरीनला त्याने नावाने हाक मारली. गाडी चालवणाऱ्या फिन्टनचा जीव आरशात अडकला होता. आरशात मालाकीचे डोळे त्याला दोनदा भेटले आणि दोनदा पुढे गेले.

कॉर्कच्या धक्क्यावर इमेल्डा उभी होती. तिला पाहताच मालाकीचा चेहरा उजळला. "अगं, होतीस कुठे तू?" तो म्हणाला आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून उभा राहिला. मग काहीतरी आठवल्यासारखा वळला, फिन्टनजवळ आला आणि त्याने हात पुढे केला.

"फार सांभाळून गाडी चालवलीत तुम्ही," तो म्हणाला. "आभारी आहे."

फिन्टनने हात हातात घेतला. जोरात दाबायचा नाही, याची त्याने काळजी घेतली. "काही त्रास नाही," तो म्हणाला.

"शनिवारी घरी ये," इमेल्डा त्याला म्हणाली.

"तो घाबरतो मला."

"तरी ये."

तो गेला. आता प्रत्येक शनिवारी जातो. मालाकी दार उघडतो, त्याला आत घेतो, नव्या पाहुण्याला विचारावं तसं चहात साखर किती विचारतो. फिन्टन दर वेळी सांगतो, दोन चमचे.