छोटा बोर्ड

“वजन किती, साहेब?”

“सत्तर,” गिऱ्हाइकाने पोट आत ओढत सांगितलं.

तळ्याच्या काठावर शिडाचे बोर्ड भाड्याने देणाऱ्या मास्तरांनी मनातल्या मनात त्यात वीस मिळवले. वजनाच्या बाबतीत खरं बोलणारा माणूस त्यांना उभ्या आयुष्यात भेटला नव्हता. हल्ली तर ते स्वतःही त्याच पंगतीत जाऊन बसले होते. घशाखाली घास उतरत नव्हता. शिडं शिवायच्या टोच्याने पट्ट्याला नवी भोकं पाडून झाली होती. बायकोने दवाखान्याचा धोशा लावला की विजारी धुऊन सैल झाल्यात असं सांगून ते मोकळे होत. काट्यावर उभं राहायचं तर नावच नको. “नव्वदचा नव्वद आहे मी, उगाच रडगाणं लावू नकोस,” असं कालच त्यांनी तिला दटावलं होतं.

साहेबांनी नेमका छोटा बोर्ड धरला. नवख्यांची नजर हमखास त्याच्यावरच जाते. दिसायला देखणा, पण जोराचा वारा आहे तोवरच पेलणारा. वारा पडला की जड माणसाखाली तो बुडतो, आणि मग तळ्याच्या मधोमध हात हलवत बसायची पाळी येते. नवख्याला रुंद, जाडजूड बोर्ड हवा. त्यावरून पडत-धडपडत का होईना, काठाला परत येता येतं. मास्तरांनी हे नीट समजावून सांगितलं. रुंद बोर्डाकडे बघून साहेब म्हणाले, तो बोर्ड नाही, दरवाजा आहे.

मास्तर गिऱ्हाइकाशी वाद घालत नसत. अशा वेळेसाठी त्यांचा एक हुकमी खेळ होता. धक्क्याजवळच्या संथ पाण्यात ते शिडाशिवाय छोट्या बोर्डावर चढत, हाताची घडी घालत आणि चेहरा गंभीर ठेवून गुडघ्यापर्यंत खाली जात. बघणारे पोट धरून हसत आणि मुकाट्याने रुंद बोर्ड उचलत.

“बघा हं, साहेब,” म्हणत ते चढले. या हंगामातली ही पहिलीच वेळ होती. खोपटाच्या दारात शीड शिवत बसलेल्या बायकोने मान वर केली. हा खेळ तिच्याही आवडीचा होता.

बोर्ड बुडाला नाही.

पाणी पावलांना जेमतेम लागलं, तेवढंच. मास्तर थांबले. मग गुडघे वाकवून त्यांनी जोर दिला. बोर्ड जरासा दबला आणि पुन्हा वर आला.

“अहो, हा तर छान तरंगतोय की,” साहेब म्हणाले. “आणि तुम्ही मला घाबरवत होतात.”

 मास्तरांना साहेबांकडे बघवेना, दाराकडे तर मुळीच नाही. बायको शीड बाजूला ठेवून धक्क्यावर आली. कुठला बोर्ड किती वजन पेलतो, हे लग्न झाल्यापासून तिलाही पाठ होतं.

“यांच्यावर जाऊ नका, साहेब,” ती म्हणाली. “यांना बरं नाहीये. तुम्ही रुंदच घ्या.”

 रुंद बोर्ड ओढत साहेब पाण्याकडे गेले.

“उद्या सकाळी जाऊ या,” ती मास्तरांना म्हणाली.

“जाऊ.”

तिने हात पुढे केला. येतो मी, तू हो पुढे, असं ते म्हणाले, पण उतरले नाहीत. बोर्ड आता तरी खाली जाईल म्हणून, हाताची घडी तशीच ठेवून, ते उभे राहिले.